मागच्या सीटवरून

सें-दनी, शुक्रवार, ३१ जुलै १९३६

बाबा,

तीन वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून पाकीट न फोडता भट्टीत टाकू नका. वाईट बातमी नाही, आणि मागायचंही काही नाही. आम्ही गावी येतोय, एवढंच कळवायचंय.

आम्ही म्हणजे मी आणि मार्सो.

जूनमधल्या संपाची हवा तुमच्या डोंगरापर्यंत पोचली असेलच. आम्ही बायका बल्बच्या कारखान्यातच मुक्काम ठोकून होतो. कोणीतरी अॅकॉर्डियन आणला, आणि मशीनांच्या मधल्या वाटेवर आम्ही नाचलो. त्यातून काय मिळालं माहीत आहे? पगारी सुट्टी! काम न करता पगार, पंधरा दिवस. आमच्या मुकादमीण बाई नाक मुरडून म्हणाल्या, "असली थेरं चार दिवस टिकतात." मी म्हटलं, "मग चार दिवस तरी मजा करू."

अख्खं सें-दनी समुद्राकडे निघालंय. मीही समुद्रच धरून बसले होते. पण मार्सो म्हणाला, "तुझ्या बाबांकडे जाऊ."

"कशाला? त्यांनी तुझ्याबद्दल जे म्हटलं ते—"

"तुला म्हटलं. दाराआडून. मला समोरून ऐकायचंय."

त्याने ऐकलं होतं, बाबा. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला तेव्हा त्याचे डोळे गेले, कान नाही. तुम्ही इस्पितळाच्या व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे होतात आणि मला समजावत होतात की तू अजून तरुण आहेस, त्याला आंधळ्यांच्या संस्थेत ठेव, सणावाराला भेटून ये, आणि माझ्याकडे परत चल. दार किलकिलं होतं. मी तुम्हाला तिथून जायला सांगितलं आणि तुम्ही गेलात. त्यानंतर तुमचं पत्र नाही, माझंही नाही.

मार्सोचं म्हणणं असं की सगळे जे मनात म्हणत होते ते तोंडाने बोलणारे तुम्ही एकटेच निघालात. असल्या माणसाशी बोलता येतं. माझं म्हणणं वेगळं आहे. पण सुट्टी त्याचीही आहे. तीन वर्षं घरात बसून तो खुर्च्यांच्या बैठका विणतोय. त्याला वारा लागायला हवा.

येणार कसं? टँडमवर. दोन सीटांची, दोन जोड पेडलांची सायकल, तुम्ही जत्रेत पाहिली असेल. मी पुढे बसते, कारण मला दिसतं. तो मागे बसतो, कारण त्याच्या मांड्या बैलाच्या आहेत. उद्या पहाटे निघतोय.

दार उघडं ठेवा किंवा लावून घ्या. लावलंत तर भट्टीसमोर तंबू ठोकू.

रेमाँद

•

जियाँ, लुआर नदीच्या काठावरून, मंगळवार, ४ ऑगस्ट

बाबा,

लुआरपर्यंत आलो! बूड सोलवटलंय, नाक सोललंय, आणि मी इतकी खूश आहे की तुमच्यावर रागावायचं लक्षातच राहत नाही.

रस्त्यावर काय गर्दी आहे म्हणून सांगू! सगळी कारखान्यातली माणसं. कोणाच्या मागे तंबू, कोणाच्या टोपलीत मूल, एकाने तर कुत्रा गळ्यात अडकवलेला. समोरून टँडम आली की दोन्हीकडून आरोळी. शेतकरी कुंपणाशी उभे राहून बघतात, आणि ही रिकामटेकडी जमात आली कुठून, असा चेहरा करतात.

मी पुढून सारखी ओरडत असते. "चढ!" "खड्डा!" "डावीकडे!" तो मागून विचारत असतो. गहू कापला का? त्या घराला निळ्या खिडक्या आहेत का? मी म्हटलं, निळ्या कशावरून? म्हणे, आतली बाई गाते कशी ते ऐक, हिच्या खिडक्या करड्या असणं शक्य नाही. खिडक्या हिरव्या होत्या. मी निळ्या सांगितल्या.

काल दुपारी एका गावात कॅफेपुढे थांबलो. बाकावर चार म्हातारे बसलेले. एकजण मोठ्याने म्हणाला, "बाई पुढे आणि बाप्या मागे! या घरचा कारभारी कोण म्हणायचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मार्सो म्हणाला, "काका, आमच्याकडे ती वाट बघते आणि मी घाम गाळतो. तुमच्याकडे दोन्ही कामं काकीच करत असेल."

बाकीचे तिघे इतके हसले की त्या काकांनीच आम्हाला वाइन पाजली. मार्सोला दिसत नाही हे त्यांना पेला देताना कळलं. मग एकदम सगळे हळू बोलायला लागले, चर्चमध्ये बोलतात तसे. तो प्रकार आम्हाला ओळखीचा आहे. आम्ही उठलो.

काल थोडे पडलोही. किरकोळ. माझा गुडघा, त्याचं कोपर.

आज नदीत पोहलो. मार्सो पाठीवर पडून कितीतरी वेळ तरंगत होता. वाळूच्या बेटावरून मी त्याला हाका मारून काठ कुठे आहे ते सांगत होते. घाबरू नका, पाणी कमरेएवढंच होतं.

रेमाँद

•

माँल्युसाँ, गुरुवार, ६ ऑगस्ट

बाबा,

मागच्या पत्रात 'किरकोळ' लिहिलं, ते खरं नव्हतं. तुमच्या दारात उभं राहायच्या आधी हे सांगते, कारण मार्सोचं कपाळ बघून तुम्ही विचारालच.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पॉपलरची झाडं. शेतातल्या वाटेने एक वरात चालली होती. पुढे व्हायोलिनवाला, मागे नवरी झगा वर धरून ढेकळांतून उड्या मारत येणारी. मी बघत राहिले. वळण आलं ते मला दिसलंच नाही. आम्ही तसेच चरात. मी गवतावर पडले, तो दगडावर.

तो उठून बसला. कपाळातून रक्त येत होतं. त्याने शांतपणे विचारलं, "वळण होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"वरात बघत होते."

त्याने बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "मी नसतो तर तू उतरून नाचायला गेली असतीस." आणि उठून सरळ बीटच्या शेतात चालू लागला. काठी नाही, काही नाही. मला म्हणाला, "तू जा पुढे. मी एकटा जातो."

"कुठे?"

"बीटात!"

मी उठले नाही. बांधावर बसून राहिले. बाबा, तेव्हा मला तुमचं व्हरांड्यातलं बोलणं आठवलं, आणि ते खोटं वाटलं नाही. एवढं श्रेय तुम्हाला द्यायला हवं. फार वेळ नाही, पण वाटलं.

तो शेताच्या मध्यावर जाऊन थांबला. कुठल्या दिशेने आलो हेच त्याला कळेना. तो इकडे तोंड करी, तिकडे तोंड करी. हाक मारायची मला इच्छा नव्हती आणि त्याला तसं सोडवतही नव्हतं. मी सायकलची घंटी वाजवली. तो त्या आवाजाच्या रोखाने ढेकळांना ठेचकाळत, प्रत्येक बीटाचा उद्धार करत परत आला.

"घंटी वाजवायची अक्कल आहे, तोंड उघडायची नाही?" म्हणाला.

मग मला हसू फुटलं आणि ते थांबेचना. त्यालाही आवरेना. वऱ्हाडी मंडळी वळून आमच्याकडे बघायला लागली.

हे लिहिलं, कारण मी तुम्हाला सुखाचं चित्र दाखवायला येत नाहीये. आम्ही भांडतो. चरात पडतो. तरी येतोय.

एक विनंती. त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याच्याशीच बोला. माझ्याकडे बघून 'त्याला साखर लागते का' असं विचारू नका. सगळे विचारतात.

शनिवारी पोचू. शेवटचा डोंगर आहे तो मला ठाऊक आहे. लहानपणी तुमच्या गाडीच्या बैलांबरोबर मीही तो धापा टाकत चढलेय.

रेमाँद

•

पुन्हा लुआरच्या काठावरून, शुक्रवार, १४ ऑगस्ट

बाबा,

जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण गावातल्या कॅफेत तुम्ही काहीतरी निराळंच सांगाल याचीही मला खात्री आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहून पाठवतेय. यूलाली मावशींना वाचून दाखवा. माझी पत्रं तुम्ही त्यांना वाचून दाखवत होतात हे मला कळलंय. "वाचतो, घडी घालतो आणि म्हणतो, काही विशेष नाही. मग तासाभराने पुन्हा काढतो," असं त्याच सांगत होत्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही शेवटचा चढ सायकल ढकलत चढलो आणि तुमच्या दाराशी आलो, तर तुम्ही नाही! मुद्दाम लांबच्या वाडीवर बैलांना नाल मारायला गेलेले. मी तिथल्या तिथे परत फिरणार होते. शेजारच्या दारातून यूलाली मावशी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "कडी काढलेली आहे गं. तो पळाला, पण दार उघडं टाकून पळाला. आत चल, सूप गरम करते."

रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही आलात. जेवायला बसलो. विनंती लिहून पाठवली होती, तरी तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "हा वाइन घेतो का?"

मावशी म्हणाल्या, "अरे आँसेल्म, त्यालाच विचार की! माझा नवरा जिवंत असताना मला कोणी विचारलं असतं, हा वाइन घेतो का, तर मी म्हटलं असतं, हा दुसरं काय घेतो!"

मार्सो हसला आणि पेला पुढे केला. तुम्ही ओतलीत. बोलला मात्र नाहीत. मग खिडकीतून टँडमकडे बघत, पुन्हा मलाच म्हणालात, "इतका चढ तूच चढवलीस म्हणायची. मागे बसायला काय लागतं? मागे पोतंही बसतं."

मी चमचा खाली ठेवला. माझं डोकं फिरलं होतं. पण मार्सोने टेबलाखालून माझा पाय दाबला आणि म्हणाला, "मग सासरेबुवा, तुम्ही बसून बघा ना. पोत्यापेक्षा तुम्हाला सोपं जाईल, तुम्हाला डोळे आहेत."

"मी? त्या खेळण्यावर?"

"घाबरलास का रे आँसेल्म?" मावशींनी विचारलं. खिडकी उघडी होती, बाहेर चौकात निम्मं गाव उभं होतं. तुम्ही उठलात. रविवारचा कोट काढलात. त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

चौकातून खाली ओढ्यापर्यंतचा उतार. मी म्हटलं, पाय पेडलवर ठेवा आणि माझ्याबरोबर वाका. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. पहिल्याच वळणाला तुम्ही उलट्या बाजूला वाकलात आणि आपण पाद्रींच्या कोंबड्यांमधून गेलो. मग तुम्ही खिळे ठोकलेले लाकडी बूट रस्त्यावर घासून सायकल थांबवायला बघितलंत. मागे ठिणग्या उडाल्या असतील. मग मागचं हँडल गदागदा हलवायला लागलात.

"हे वळत का नाही?"

"ते धरायला आहे, बाबा! वळवायला नाही!"

"मग मी करू काय?"

"पेडल मारा!"

"अगं हळू! रेमाँद! समोर गाय आहे!"

"दिसतेय मला!"

"मला नाही दिसत, तुझी पाठच दिसते!"

गाय गेली. पूल आला. त्यानंतर रस्ता ओढ्याच्या कडेने सपाट जातो, गिरणीपर्यंत. तिथे कधीतरी तुमचे पाय माझ्या पायांबरोबर फिरायला लागले. सायकल एकदम हलकी झाली. मला ते लगेच कळतं. मार्सो मनात रागावला असला तरी मला ते पेडलमध्ये कळतं.

आणि मग तुम्ही बोलायला लागलात. मी तुमचा चेहरा बघू शकत नव्हते. मान वळवली असती तर दोघं ओढ्यात गेलो असतो. बहुतेक म्हणूनच तुम्हाला बोलता आलं.

तुम्ही म्हणालात, "तुझी आई माझ्या बापाला उचलून उचलून गेली."

मी लहान होते. आजोबा माडीवरच्या खोलीत पडून असायचे आणि आई सारखी वरखाली करायची, एवढंच मला आठवतं. तुम्ही सांगितलंत की त्यांना अर्धांग झालं तेव्हा आई नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. त्यांना ती धुवायची, भरवायची, कुशीवर वळवायची. तुम्ही भट्टीपाशी असायचात. भट्टीपाशी काम होतंच, पण नसतं तरी तुम्ही तिथेच असला असतात, असं म्हणालात. "ती गेली त्या दिवशी म्हाताऱ्याने काय विचारलं माहीत आहे? 'आता मला कोण उचलणार?' तिच्याबद्दल एक शब्द नाही. आणि मी मनात तेच म्हणत होतो, आता याला कोण उचलणार. मीही तिच्याबद्दल म्हणत नव्हतो."

मग गिरणी आली. आपण वळलो. तुम्ही म्हणालात, "इस्पितळात तो पडलेला बघितला आणि मला तूच त्या माडीवर दिसलीस. मी दुसरं काही बघितलं नाही."

मी काहीच बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी रागावली. मला बोलताच येत नव्हतं, बाबा. आणि लगेच चढ लागला.

तो चढ तुम्ही चढला नाहीत. पुलाशी उतरलात, पाय लटपटत होते. आणि वरून मार्सो येत होता, मावशींच्या कुंपणाची एक काठी घेऊन, आपल्या ओरडण्याच्या रोखाने एकटा तेवढा उतार उतरून. तो विचारत होता, "कोंबड्या किती मेल्या?" तुम्ही म्हणालात, "एकही नाही. तुझी बायको बरी चालवते." तीन वर्षांत त्याला उद्देशून तुमचं ते पहिलं वाक्य. मग त्याने तुमचं कोपर धरलं, किंवा तुम्ही त्याचं. मी सायकल ढकलत मागून येत होते, मला ते सांगता येणार नाही. वर येईपर्यंत तुम्ही दोघं माझ्या सायकल चालवण्याला नावं ठेवत होतात.

सोमवारी खरं काय घडलं ते तुमच्या लक्षात आलं नसेल. भट्टी पेटवल्याचा आवाज आला तसा मार्सो दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ओतशाळेनंतर तो कधी निखाऱ्याजवळ गेलेला नाही. घरी चूल मी पेटवते. मी अंगणातून बघत होते, पुढे गेले नाही. तुम्ही घण मारत होतात, त्याच्याकडे बघितलंही नाहीत. थोड्या वेळाने तुम्ही वैतागून म्हणालात, "उभा काय राहिलास? भाता कोणी ओढायचा?" तो आत गेला. हात पुढे करून, पावलं मोजत. तुम्ही त्याचा हात धरून भात्याच्या दांड्यावर ठेवलात आणि परत घणाला लागलात. बुधवारी निघेपर्यंत तो तिथेच होता. रात्री झोपेत त्याचा हात वरखाली होत होता, भाता ओढल्यासारखा. मी त्याला उठवलं नाही.

आता तुमच्या बोलण्याचं उत्तर. ते दोन दिवस पेडल मारता मारता मी जुळवत होते. मार्सोला विचारलं, तो म्हणाला, "मला नको विचारू, माझी बाजू ठरलेली आहे."

तुम्ही आईबद्दल सांगितलंत ते खरं आहे. मलाही आता एक गोष्ट आठवतेय. माडीचा जिना चढून गेल्यावर आई दाराबाहेर थांबायची. हातात घंगाळ असायचं. डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायची आणि मग दार ढकलायची. मला वाटायचं पाणी जड आहे म्हणून थांबते. तिला आत जायचंच नसायचं. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने कोणाला सांगितलं नाही.

बाबा, आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. कारखाना सुटला की मी धावत येते आणि तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढते. तिसऱ्या मजल्यावरची बाई रोज दार उघडून ओरडते, "घोडी, अगं पडशील!" आणि वरून मार्सो ओरडतो, "पडू दे, मी झेलतो!"

खोटं वाटत असेल तर या आणि एकदा जिन्यात उभे राहून ऐका.

तुमची,
रेमाँद